घट्टसाहेब आणि नागपूरचा मे

त्यांच्याशी बोलताना विशेषण वापरायची सोय नव्हती. चहा गरम आहे म्हटलं की ते विचारत, "किती?" अमका माणूस कडक आहे म्हटलं की विचारत, "कोणत्या तापमानाला?" हा विनोद नसे. ते चष्म्याच्या वरून बघत उत्तराची वाट पाहत, आणि उत्तर आलं नाही की मान खाली घालून पुन्हा कामाला लागत. आपण काही बोललो होतो याची खूणही मागे राहत नसे.

नागपूर संपून तुरीची शेतं सुरू होत, त्या हद्दीवर वनस्पती तुपाचा एक कारखाना होता. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन तिथल्या प्रयोगशाळेत लागलो, तेव्हा ते मुख्य केमिस्ट होते. कामगार त्यांना तोंडावर 'साहेब' म्हणत आणि पाठीमागे 'घट्टसाहेब'. कारण रोज सकाळी फाटकातून शिरताना जो कोणी पहिला रामराम करील त्याला ते विचारत, "घट्ट किती?" म्हणजे कालच्या मालात घट्ट भाग किती निघाला. रामराम करणारा बहुधा चौकीदार असे. त्याचा या गोष्टीशी काही संबंध नव्हता, पण तो वर्षानुवर्षं इमानदारीने "चांगला हाय साहेब" असं उत्तर देत आला होता, आणि साहेब रोज त्या 'चांगला'मुळे नव्याने निराश होऊन आत जात.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला विचारलं की वनस्पती तूप म्हणजे काय. मी पुस्तकातलं सांगितलं: सरकीच्या नाही तर शेंगदाण्याच्या तेलातून निकेलच्या मदतीने हायड्रोजन सोडला की ते घट्ट होतं.

"घट्ट होत नाही," ते म्हणाले. टेबलावरच्या उघड्या डब्यात त्यांनी स्वेटर विणायची एक लांब सुई खुपसली आणि तिच्याकडे बोट दाखवलं. "उभी राहिली ना? तुला वाटलं, डबा घट्ट आहे. यात पाऊण भाग तेलच आहे. पाव भागाचे फक्त दाणे झालेत. त्या दाण्यांनी एकमेकांचे हात धरलेत आणि मधल्या पोकळीत तेलाला बसवून ठेवलंय. ऊन वाढलं की एकेक जण हात सोडतो. कोण केव्हा सोडतो, ते बघणं आपलं काम. बाकी सगळं पॅकिंग."

मी पुढच्या आयुष्यात बरीच पुस्तकं वाचली. त्यांतली काही समाजशास्त्राची होती आणि जाडजूड होती. पाव भागाने पाऊण भागाला बसवून ठेवण्याबद्दल इतकं थोडक्यात मला त्यांत कुठे सापडलं नाही.

हा घट्ट भाग मोजायला काचेचे छोटे फुगे होते, प्रत्येकाला केसासारखी बारीक नळी. तूप वितळताना फुगतं. नळीत ते किती चढलं यावरून आत अजून किती दाणे शिल्लक आहेत ते काढायचं. या कामाला अख्खा दिवस जाई. तेवढा वेळ साहेब कोमट पाण्याच्या हौदाशेजारी स्टूल टाकून बसत आणि कुणाशी बोलत नसत. विणायची सुई मात्र खास त्यांची स्वतःची पद्धत होती. ठरावीक उंचीवरून ती डब्यात सोडायची आणि किती खोल गेली ते पट्टीने मोजायचं. सुई त्यांच्या पत्नीची. तिची जोडीदारीण घरी एकटी पडली होती, आणि त्या घरात त्यानंतर स्वेटर विणला गेला नाही.

स्वेटरवरून आठवलं. हिवाळ्यात तो त्यांच्या अंगावर असावा की नाही, हे महिना ठरवत नसे. इतर लोक पेन ठेवतात त्या खिशात ते थर्मामीटर ठेवत. पारा बावीसच्या खाली गेला की स्वेटर अंगात, वर आला की बाहेर. नागपूरच्या डिसेंबरात सकाळ आणि दुपार ही दोन वेगळी गावं असतात, त्यामुळे त्यांचा बराच वेळ डोकं लोकरीत अडकलेल्या अवस्थेत जाई. एकदा सरकारी तपासनीस आले असताना खोलीचं दार सारखं उघडमिट होत होतं. साहेबांनी तेवढ्या भेटीत स्वेटर इतक्या वेळा काढला आणि घातला की तपासनिसांनी जाताना मला बाजूला घेऊन विचारलं, "तुमच्या साहेबांना काही त्रास आहे का?"

त्यांच्या पुतणीचं लग्न जमत होतं, तेव्हाची गोष्ट तर घरात अजून सांगतात. सगळे म्हणत होते की मुलगा फार शांत आहे. साहेब म्हणाले, "बैठकीत, पंख्याखाली, पुढ्यात पोहे असताना शांत आहे. हे काही माप नाही." मुलगा मे महिन्याच्या भर दुपारी भंडाऱ्याची गाडी पकडायला एस. टी. स्टँडवर येणार हे त्यांनी काढून घेतलं आणि तिथे एका खांबाआड जाऊन उभे राहिले. गाडी रद्द झाली. मुलाने खिडकीशी जाऊन पुढची गाडी विचारली, नळावर तोंड धुतलं, एका म्हाताऱ्याचं गाठोडं सावलीत सरकवून दिलं आणि त्यावर न बसता शेजारी उभा राहिला. साहेबांनी घरी येऊन निकाल दिला, "चव्वेचाळीसला टिकतो. करा लग्न." पुतणी सुखात आहे. जावयाला हे नंतर कळलं. तेव्हापासून तो सासरच्या माणसांना स्टँडवर भेटायचं टाळतो.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण नागपुरात दरवर्षी मे महिना येतो, आणि वनस्पती तुपाच्या धंद्यात तो हसण्यावारी नेता येत नाही.

अडचण सोपी होती. माणसाच्या तोंडाचं तापमान सदतीस. तूप तोंडात विरघळायला हवं असेल तर सदतीसच्या आत ते वितळलंच पाहिजे. सरकारी नियमही जवळपास तोच होता: याहून वरच्या तापमानाला वितळणारा माल विकायचा नाही. मुंबई-पुण्याला हे निभतं, कारण तिथली हवा माणसाच्या तोंडापेक्षा थंड असते. नागपूरची हवा मे महिन्यात तोंडापेक्षा गरम. म्हणजे जे तूप तोंडात विरघळेल ते दुकानात आधीच विरघळलेलं असणार, आणि जे दुकानात उभं राहील ते तोंडातही उभंच राहणार. साहेबांच्या मते यात भांडण्यासारखं काही नव्हतं.

इतवारीच्या घाऊक बाजारातल्या व्यापाऱ्यांच्या मते होतं. त्या वर्षी तक्रारी फार आल्या. डब्यात पाणी होतंय, तेल मिसळता का, शेजारच्या राज्यातल्या कारखान्याचा डबा तर बघा कसा उभा राहतो. तो डबा साहेबांनी आणून तपासला होता. तो सरकारी मर्यादेच्या काठावर होता, आणि काठाच्या कोणत्या बाजूला, याबद्दल साहेबांना शंका नव्हती.

तक्रारींना उत्तर द्यायला ते स्वतः इतवारीत गेले. मी बरोबर होतो. दुकानात शिरायचं, पिशवीतून ताप मोजायचा थर्मामीटर काढायचा, झटकायचा आणि दुकानदाराच्या तोंडात घालायचा, असा त्यांचा कार्यक्रम होता. मग दुसरा थर्मामीटर डब्यावर. "तुमचं तोंड सदतीस. तुमचं दुकान बेचाळीस. आता तूप कुठे घट्ट ठेवू, सांगा. तोंडात की दुकानात?"

एकाने तोंडातला तंबाखूचा खर्रा थुंकायला नकार दिला. एकाने विचारलं, हा थर्मामीटर आधी कुणाच्या तोंडात होता, आणि उत्तर ऐकून दुकान बंद केलं. ज्यांनी तो घेतला ते थर्मामीटर जिभेखाली धरून नम्रपणे बसले, कारण तोंडात काच असताना माणसाला वाद घालता येत नाही. पण वाद मिटला असं नव्हतं.

इतवारीतला सगळ्यात मोठा खरीददार म्हणजे एक म्हातारे व्यापारी. सारा बाजार त्यांना दादाजी म्हणे. त्यांनी थर्मामीटर हाताने बाजूला केला.

"साहेब, तुमचं सगळं बरोबर आहे," दादाजी म्हणाले. "पन गिऱ्हाईक तोंडात काच घालून तूप घेते का? गिऱ्हाईक डबा हालवते. असा. आतून डबडब आवाज आला का सोडून देते. तुमच्या मालाचा आवाज येऊन राहिला."

"मे महिना आहे, दादाजी."

"मे महिना त्या दुसऱ्या कंपनीलेबी आहे ना. मले काही दुश्मनी नाही तुमच्याशी. पंधरा दिवसात डबे चूप झाले तं ठीक, नाही तं मी त्यायचा माल घेतो. मंग माझ्या मागं सारी इतवारी तोच घेईल, हे तुमाले ठाऊक आहे."

ते आम्हालाच काय, शेठजींनाही ठाऊक होतं. कारखान्याचे मालक शेठजी रामदासपेठेत राहत आणि मुंबईच्या माणसावर त्यांचा फार विश्वास होता. त्यांनी एक सल्लागार बोलावला. हे गृहस्थ नागपूरच्या मे महिन्यात टाय लावून आले, आणि तो त्यांनी शेवटपर्यंत काढला नाही, याचं मला आजही कौतुक आहे. त्यांनी दोन दिवसांत उपाय सांगितला: हायड्रोजन जास्त सोडा. शेठजींनी त्या मालाला 'उन्हाळी स्पेशल' असं नाव दिलं, माहितीपत्रकं छापली, आणि साहेबांना न विचारता एक टाकीभर माल काढायला लावला. विक्रीला पाठवण्यापूर्वी त्यावर मुख्य केमिस्टची सही लागे. तेवढी बाकी होती.

साहेबांनी त्या मालात शंकरपाळे तळून आणले आणि मला प्रयोगशाळेत बसवून खायला लावले. चव वाईट नव्हती. मग माठातलं पाणी दिलं.

"आता जीभ टाळूला लाव," ते म्हणाले.

टाळूवर मेणबत्ती ओतल्यासारखा थर बसला होता. जीभ त्यावरून घसरत होती.

"आता बोल. काहीही."

मी काहीतरी बोललो. ते मलाही नीट कळलं नाही.

"हे शेठजींना लग्नाच्या पंगतीत वाढायचंय," ते म्हणाले, आणि उरलेले शंकरपाळे त्यांनी कागदात बांधून ठेवले, नमुना म्हणून.

दुसऱ्या दिवशी शेठजींनी आम्हाला रामदासपेठेतल्या ऑफिसात बोलावलं. दारा-खिडक्यांना वाळ्याचे पडदे होते, एक माणूस त्यांच्यावर पाणी मारत फिरत होता, आणि आत इतका सुगंधी गारवा होता की बाहेर मे आहे हे विसरायला होई. सल्लागार टायसकट बसले होते.

"साहेब, सीधी बात," शेठजी म्हणाले. "दादाजीचा ऑर्डर गेला तर मी हा माल काढणार. तुमची सही पाहिजे. सही नाही, तर दुसरा केमिस्ट बघतो. तुम्ही क्वार्टर खाली करा. मला पण वाईट वाटते, पण धंदा आहे."

साहेबांनी खिशातून थर्मामीटर काढला आणि त्याच्याकडे बघत बसले. बराच वेळ. शेठजींचा चेहरा लाल होत गेला.

"मी काय बोलून राहिलो, आणि तुम्ही काय बघून राहिले?"

"सत्तावीस," साहेब म्हणाले. "बाहेर त्रेचाळीस आहे, इथे सत्तावीस. शेठजी, तुमच्या या खोलीत आपला डबा ठेवला तर दगडासारखा उभा राहील."

"मग काय, इतवारी माझ्या ऑफिसात आणू?"

साहेब उठले, थर्मामीटर खिशात ठेवला आणि निघाले. सहीचं उत्तर द्यायचं राहून गेलं होतं. ते मी जिन्यात आठवून दिलं, तर म्हणाले, "ते त्यांना कळलं असेल."

तिथून आम्ही त्यांच्या क्वार्टरवर गेलो. काकू, म्हणजे साहेबांच्या पत्नी, पारशिवनीकडच्या शेतकरी घरातल्या. त्या ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. साहेबांनी घडलं ते सगळं सांगितलं, तापमानांसकट.

"सही केली तं काय होते?" काकूंनी विचारलं.

"लोकांच्या टाळूला मेण बसेल."

"आन नाई केली तं?"

"हे घर सोडावं लागेल."

काकूंनी एक चिंच फोडली, चिंचोका बाजूला टाकला. "मंग सोडू. हुडकेश्वरले आपली जागा हाय ना."

"तिथे नुसती विहीर आहे."

"विहिरीत राहू. थंड असते. तुमाले थंडच पायजे." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बाबू, पन यायले सांगून ठेव, त्या काचेच्या नळ्या मी बैलगाडीत मांडीवर घेऊन बसनार नाई. आन माही सुई पयले वापस पायजे."

साहेब हसले नाहीत. पण घरात गेले ते दोन रिकामी गोणपाटं घेऊन बाहेर आले.

माठ ज्याने गार होतो त्यानेच डबा गार होतो, एवढीच ती युक्ती. नागपूरची हवा उन्हाळ्यात इतकी कोरडी असते की ओल्या कापडावरचं पाणी बघता बघता उडतं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. दादाजींच्या दुकानात साहेबांनी जमिनीवर ओली वाळू पसरवली, तिच्यावर डबे मांडले, प्रत्येकाला गोणपाट गुंडाळलं आणि पाणी मारलं. हमाल हसत होते. एकजण म्हणाला, "साहेब, यायले ताप आला का गा?" साहेबांनी त्याला गंभीरपणे सांगितलं की हो, बेचाळीस, आणि दर तासाने पाणी मारायला हवं. दादाजींनी सगळं बघून एवढंच म्हटलं, "पानी मारायले माझं काही जात नाही. हप्ता संपेपर्यंत पाहू."

हप्त्याच्या शेवटच्या दिवशी हमालांच्या घरी लग्न निघालं. मे महिना, लग्नं निघणारच. दुपारभर पाणी मारायला कुणी नव्हतं. आम्ही संध्याकाळी पोचलो तेव्हा गोणपाटं पापडासारखी वाळलेली होती आणि डबा हलवला की आतून तळ्यात म्हैस उतरल्यासारखा आवाज येत होता. साहेबांनी स्वतः बादल्या आणून सगळं पुन्हा भिजवलं.  परत आल्यावर फाटकाशी सायकलवरून उतरून मला म्हणाले, "तू सही करू नकोस. मी गेल्यावर तुला सांगतील." एवढं बोलून क्वार्टरच्या दिशेने गेले.

सकाळी आम्ही परत गेलो ते निकाल ऐकायला. दादाजी दुकानाच्या पायरीवर उघडा डबा मांडून बसले होते. मनगटापर्यंत हात आत घातलेला. त्यांनी मूठ बाहेर काढली आणि साहेबांसमोर उघडली.

तळहातावर पिवळसर, मोठा, ज्वारीसारखा दाणा होता. कडेने थोडं तेल सुटलेलं.

"हे काय केलं तुमी?" दादाजींनी विचारलं. "हे तं गावच्या तुपासारखं रवाळ झालं. कारखान्यातून येते तवा तं असं नसते."

साहेबांनी त्यातला थोडा रवा बोटावर घेतला, चोळला आणि जिभेवर ठेवला. वितळलेलं तूप सावकाश गार झालं की दाणा मोठा होतो, हे त्यांना माहीत होतंच. कारखान्यात डबे गार खोलीत जास्त वेळ राहू द्या, म्हणून ते शेठजींच्या मागे कित्येक वर्षं लागले होते. पण शेठजींना ट्रक भरायची घाई असे. ती सवड आता एका ओल्या गोणपाटाने दिली होती, तीही हमालांच्या घरच्या लग्नामुळे.

"घट्ट किती?" मी विचारलं. मला राहवलं नाही.

"चांगला आहे," साहेब म्हणाले. त्यांच्या तोंडून 'चांगला' हा शब्द मी तेवढा एकदाच ऐकला.

दादाजींनी ऑर्डर वाढवून दिली. त्यांनी दुसऱ्या कंपनीचेही डबे ठेवून बघितले होते. व्यापारी माणूस, गोणपाट वाया कशाला घालवा. पण तो माल मुळात वितळतच नव्हता, म्हणून त्याचा दाणाही पडत नव्हता. तो होता तसाच राहिला, साबणासारखा. आठवड्याभरात इतवारीतलं प्रत्येक दुकान ओल्या गोणपाटांनी भरलं. गल्लीत शिरलं की पाऊस पडून गेल्यासारखा वास येई.

त्या गल्लीत शेठजींची गाडी शिरली. ते खाली उतरले, रांगेत बसलेले गुंडाळलेले डबे बघून प्रसन्न झाले आणि त्यांनी एकावरचं गोणपाट उचललं. खाली दुसऱ्या कंपनीचं नाव. आणखी एक उचललं. त्याच्यावर कुणाचंच नाव नव्हतं. लेबल पाण्याने निघून वाळूत पडलं होतं.

"पगार माझा," शेठजी साहेबांना म्हणाले, "आणि डबे तुम्ही साऱ्या दुनियेचे थंड करून राहिले?"

"पाण्याला कंपनी कळत नाही, शेठजी."

"आणि लेबल? लोकांना माल माझा आहे हे कसं कळणार?"

दादाजी गल्ल्यावरून म्हणाले, "हात घातला का कळते. ज्यात रवा लागते तो तुमचा. बाया बरोबर निवडून राहिल्या. शेठजी, आत या, उन्हात काहून उभे राहिले?"

शेठजी आत गेले नाहीत. गाडीत बसताना त्यांनी साहेबांना म्हटलं, "टाकीचं काय? आख्खी टाकी भरून माल पडला आहे. माहितीपत्रकं छापली आहेत." हे ते पहिल्यांदाच रागाशिवाय म्हणत होते. कडक माल विकायची गरज उरली नव्हती, पण तो फेकला तर सल्लागाराचा सल्ला फेकल्यासारखं झालं असतं, आणि तो सल्ला सगळ्यांसमोर घेतला होता.

"राहू द्या टाकी," साहेब म्हणाले. "दिवाळीपर्यंत संपवतो. नरम मालात थोडा थोडा मिसळीन. कडक वाईट नसतो, शेठजी. एकदम सगळा वाढला की टाळूला बसतो."

"आणि सही?"

"मिसळलेल्या मालावर करीन ना. त्यावर माझी काय हरकत?"

गाडी मागे मागे जात गल्लीतून निघाली. वळवायला जागा नव्हती, डबे होते. क्वार्टर खाली करण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही. सल्लागार मुंबईला परत गेले. माहितीपत्रकांच्या मागची कोरी बाजू आम्ही पुढे दोन वर्षं आकडेमोडीला वापरली.

माफी मागणं हे शेठजींच्या घराण्यात नव्हतं. जूनला अजून अवकाश होता, तेव्हा एके दिवशी कारखान्याच्या टेंपोतून साहेबांच्या क्वार्टरवर एक नवाकोरा कूलर येऊन पडला. चिठ्ठी नाही, निरोप नाही. त्या काळात कूलर असलेलं घर म्हणजे बड्या घरांत गणना. आजूबाजूच्या क्वार्टरमधली माणसं बघायला जमली. साहेबांनी त्याच्याभोवती दोन चकरा मारल्या, बाजूची वाळ्याची खस किती जाड आहे ते बोटाने दाबून बघितलं आणि टेंपोवाल्याला म्हणाले, "गोदामात ने."

काकूंनी ते ओट्यावरून ऐकलं.  त्यांनी आत जाऊन सूप घेतलं, त्यात तांदूळ घातले, पाणी प्यायचा तांब्या घेतला आणि टेंपोच्या पाठोपाठ चालत गोदामात गेल्या.

त्यानंतर उन्हाळा संपेपर्यंत दुपारी साहेबांकडे काम असेल तर गोदामात जावं लागे. तिथे छतापर्यंत डब्यांच्या थप्प्या, समोर घरघरणारा कूलर, मध्ये चटईवर काकू तांदूळ निवडताहेत आणि शेजारी साहेब खोक्यावर बसून काचेच्या नळीत डोळा घालून बसलेले. मी कागद घेऊन गेलो की काकू मला बसवून घेत. हमालही काहीतरी निमित्त काढून येत आणि लवकर जात नसत.

एक दिवस न कळवता शेठजी आले. कोट, टोपी, कपाळावर घाम. कूलर कुठे लागला आहे ते त्यांनी बघितलं. मी उठून उभा राहिलो. साहेबांना रीडिंग सोडता येत नव्हतं, म्हणून ते बसूनच राहिले. शेठजींना काहीतरी कडक बोलायचं होतं हे त्यांच्या उभं राहण्यावरून दिसत होतं. पण कूलरचा झोत नेमका त्यांच्या अंगावर येत होता, आणि ते तिथेच थांबले.

काकूंनी सूप खाली ठेवलं आणि चटईचं टोक सरळ केलं.

"बसा, शेठजी," त्या म्हणाल्या. "डब्यायले चालते, तं तुमाले काहून नाई चालनार?"

शेठजींनी टोपी काढली आणि बसले.